पट्टी आली, हिशेब आला नाही

पत्र थोडक्यात असं: देवगड तालुक्यातले एक तरुण बागायतदार लिहितात. हापूसची दोनशेच्या आसपास कलमं. चार वर्षांपूर्वी वाशीला माल पाठवणं कमी करून त्यांनी थेट गिऱ्हाइकाला पेट्या द्यायला सुरुवात केली. गेल्या पावसाळ्यात पुण्यात नोकरी करणाऱ्या मामेभावाने व्हॉट्सॲपवर आपोआप उत्तरं देणारा बॉट करून दिला, तोही फुकट. त्याच्यामागे एपीआयने, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून काम करून घ्यायच्या सोयीने, जोडलेलं एआयचं मॉडेल आहे. खातं मामेभावाच्या नावावर, कार्ड यांचं. डिसेंबरात कार्डावर ४०० रुपये पडले, फेब्रुवारीत १,१००, मार्चमध्ये ४,९०० आणि एप्रिलमध्ये १७,६००. मार्चमध्ये ११० पेट्या गेल्या, एप्रिलमध्ये ६४०. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जुन्या ९०० गिऱ्हाइकांना ‘पेटी सुरू झाली’ असा मेसेजही गेला होता. मामेभाऊ म्हणतो, सीझन आहे, वाढणारच. वडील रोज विचारतात, “पैसे खंय गेले?” पुढच्या वर्षी पंधरा हजारांवर फोन घ्यायला माणूस ठेव, असं त्यांचं म्हणणं. आणि यांना स्वतःला संशय आहे की मामेभाऊ आपल्याच एपीआय कीवर, म्हणजे त्या खात्याच्या किल्लीवर, स्वतःची दुसरी कामं उरकतो. “चतुर्थीला सगळे घरी येतील. त्याआधी त्याला तोंडावर विचारू, की बंदच करून टाकू?”

उत्तर:

तुमच्या पत्रात बेरीज आहे, भागाकार नाही. तो आधी करून टाकू. मार्चचे ४,९०० भागिले ११० म्हणजे पेटीमागे साडेचव्वेचाळीस रुपये. एप्रिलचे १७,६०० भागिले ६४० म्हणजे साडेसत्तावीस. ज्या महिन्यावरून घरात वाद पेटला, त्याच महिन्यात पेटीमागचा खर्च उतरला होता. डिसेंबरात झाडावर मोहोर होता, पेटी एकही नाही, तरी ४०० गेले. त्यावरून मात्र कुणी कुणाशी बोलणं टाकलं नाही.

यावरून १७,६०० बरोबर आहेत असं मी म्हणत नाही. त्यातले निम्मे वाया गेलेले असू शकतात, आणि ते कसे हे पुढे सांगते. माझं म्हणणं एवढंच की एप्रिलचा आकडा डिसेंबरच्या चव्वेचाळीस पट आला, हा चोरीचा पुरावा होत नाही. खोक्यांचं, पेंढ्याचं, राखणदारांच्या पगाराचं बिलही एप्रिलमध्ये असंच चढतं. तिथे तुम्ही दचकत नाही, कारण खोकी मोजता येतात.

वाशीच्या दलालाची पट्टी आठवा. पेट्या इतक्या, भाव इतका, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा, खाली निव्वळ रक्कम. पट्टी खोटी नसायची. पण सड्यावरच्या बागेतला माल किती भावाने गेला आणि खालच्या वाडीतला किती, कुठल्या गाडीतल्या पेट्या डागी निघाल्या, हे तिच्यावरून कळायचं नाही. ते कळायचं मांगरातल्या वहीवरून, कारण गाडी भरताना वडील उभे राहून खुणा लिहून घेत. एपीआय कंपनीचं महिन्याचं बिल म्हणजे अशी पट्टी. ते किती गेले ते सांगतं. कशापायी गेले ते सांगणारी वही तुमच्याकडे कुणी लिहिलीच नाही. मामेभावाने नाही आणि तुम्हीही नाही. वडील विचारतात ‘खंय गेले’, तो प्रश्न अगदी नेमका आहे. चोर कोण, हा मात्र तुम्ही त्याला जोडलेला प्रश्न.

आता पैसे कुठे जातात ते एका मेसेजवर बघू. गिऱ्हाईक लिहितं, “दादा, पाच डझनाची पेटी केवढ्याला?” मॉडेलकडे एवढंच वाक्य जात नाही. त्याला मागचं काही आठवत नसतं, म्हणून दर वेळी त्याच्यापुढे सगळी पोथी उघडून ठेवावी लागते: मामेभावाने लिहिलेल्या सूचना, भावाचं पत्रक, कुरियर पोचतं त्या पिनकोडांची यादी, आतापर्यंतचं बोलणं आणि सगळ्यात खाली ते वाक्य. मजकूर टोकनांत मोजतात, म्हणजे मॉडेल शब्दांचे जे लहान तुकडे पाडतं त्यांत, आणि बिल त्यांच्यावर लागतं. समजा पोथी ३,००० टोकनांची आहे. गिऱ्हाइकाने सहा प्रश्न विचारले की नुसती पोथी १८,००० टोकनं झाली. दर फेरीला बोलणं ३०० टोकनांनी वाढत गेलं, तर मागचं बोलणं पुन्हा पुन्हा वाचण्याचे आणखी ४,५००. सहा उत्तरं मिळून धरा हजार-बाराशे. उत्तराचं टोकन आत जाणाऱ्या टोकनापेक्षा कित्येक पट महाग असतं, तरीही जड पारडं पोथीचंच राहतं. म्हणजे तुमच्या पैशातला मोठा भाग गिऱ्हाइकाला उत्तर देण्यावर गेलेलाच नाही. तो तेच पत्रक मॉडेलला सहा वेळा वाचून दाखवण्यावर गेला. पिनकोडांची ती लांबलचक यादी पोथीतून काढून साध्या तक्त्यात टाकली, तरी बिल लगेच हलकं होईल.

त्यात आपली भाषा देवनागरीतली. त्याच मजकुराला इंग्रजीपेक्षा मराठीत जास्त टोकनं लागतात. हे आता बरंच सुधारलंय. मे २०२४ मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने जीपीटी-४ओ हे मॉडेल आणलं, तेव्हा त्यांनी दिलेल्या नमुन्यात मराठी मजकूर ९६ टोकनांवरून ३३ वर आला होता. म्हणून मामेभावाला विचारायचा पहिला प्रश्न हा: मॉडेल कुठलं लावलंयस, आणि ते तेव्हा लावलं तसंच आहे का?

पोथी पुन्हा पुन्हा वाचण्याच्या खर्चावर कंपन्यांनी कॅशची (म्हणजे रोख नव्हे, तात्पुरत्या साठवणीची) सोय केलेली आहे. मजकुराचा सुरुवातीचा तोच-तोच भाग लक्षात ठेवून त्याला कमी दर लावतात, काही ठिकाणी मूळ दराच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत. पण कॅश कायमचा टिकत नाही. काहींचा पाच मिनिटांत विझतो. आणि आपलं गिऱ्हाईक “घरी विचारून सांगते” म्हणून जे जातं, ते दोन तासांनी उगवतं. त्यामुळे कॅशचा फायदा गर्दीच्या तासांत होतो, एरवी फारसा नाही. ऐन सीझनमध्ये पेटीमागचा आकडा उतरला त्याचं एक कारण हेही असू शकेल.

दुसरी जागा जास्त संशयास्पद आहे आणि तिथे मामेभावाची चूक असू शकते. चोरी नव्हे, चूक. व्हॉट्सॲपवर मेसेज आला की व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीचा, मेटाचा, सर्व्हर तो तुमच्या बॉटकडे ढकलतो आणि ‘मिळाला’ अशी पोच मागतो. पोच वेळेत गेली नाही, तर तोच मेसेज पुन्हा ढकलतो. घाईत केलेल्या बॉटमध्ये हटकून असं होतं की तो आधी मॉडेलला विचारतो, उत्तराची वाट बघतो आणि मग पोच देतो. गर्दीत मॉडेल रेंगाळलं की पोच उशिरा, मेसेज पुन्हा, विचारणा पुन्हा आणि बिलही पुन्हा. एप्रिलमध्ये कुणी तुम्हाला “अहो, तेच दोनदा काय सांगताय?” असं लिहिलं होतं का? लिहिलं असेल तर जवळजवळ नक्की हेच. प्रत्येक मेसेजला स्वतःचा आयडी असतो. आधी पोच द्यायची, मग आयडी बघायचा, आणि तो येऊन गेलेला असेल तर गप्प बसायचं. चार ओळींची दुरुस्ती आहे.

तिसरी गोष्ट तुमच्याच पत्रात दडलीय. ते ९०० मेसेज. गिऱ्हाइकाने आधी लिहिलं आणि आपण चोवीस तासांत साधं उत्तर दिलं, तर त्या उत्तराला व्हॉट्सॲप पैसे लावत नाही. पण आपण होऊन ‘पेटी सुरू झाली’ कळवणं हे मार्केटिंग धरतात, आणि १ जुलै २०२५ पासून अशा प्रत्येक पोचलेल्या मेसेजचे वेगळे पैसे पडतात. त्याआधी चोवीस तासांच्या संभाषणावर आकारणी होती. १७,६०० हा आकडा तुम्ही बहुतेक कार्डाच्या स्टेटमेंटवरून बेरीज करून लिहिलाय. त्यात एआयचं किती, व्हॉट्सॲपचं किती, सर्व्हरचं भाडं किती, परदेशी खरेदीवर बँकेने घेतलेला अधिभार किती, १८ टक्के जीएसटी किती, हे आधी वेगवेगळं करा. डॉलरमधलं बिल आणि कार्डावरचे रुपये कधीच तंतोतंत जुळणार नाहीत. तिथे डोकं आपटू नका.

मग मामेभावाचं काय? संशय खरा की खोटा हे ठरवायला त्याला तोंडावर विचारायची गरज नाही, एक दिवस मोजला की पुरे. एप्रिलमधला कुठलाही भरगच्च दिवस घ्या. त्या दिवशी व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकांचे किती मेसेज आले ते मोजा. मग एपीआयच्या खात्यात जाऊन त्याच दिवशी मॉडेलला किती विचारणा झाल्या ते बघा. आकडे जवळपास जुळले तर विषय संपला. दुप्पट आले तर वर सांगितलेली पोचेची भानगड. अजिबातच ताळमेळ नाही, किंवा तुमच्या बॉटमध्ये नसलेल्या मॉडेलचं नाव दिसतंय, तर मग विचारायला हरकत नाही. एक मात्र लक्षात ठेवा: या खात्यांमधला दिवस बहुधा यूटीसीप्रमाणे (जगभरच्या प्रमाणवेळेप्रमाणे), म्हणजे आपल्याकडच्या पहाटे साडेपाचला सुरू होतो. रात्री एक वाजता दुबईहून आलेली चौकशी तिथे आदल्या दिवशी दिसेल.

आणि तिसऱ्याच कुणाचा हात असू शकतो. मामेभावाने कोड कुठे उघड्यावर ठेवला आणि त्यात की तशीच राहिली, तर अशा किल्ल्या शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर अहोरात्र चालू असतात. तसं झालं असेल तर बॉट बंद ठेवलेल्या दिवशीही वापर दिसेल. खात्री होत नसेल तर जुनी की रद्द करून नवी काढा. दहा मिनिटांचं काम.

पुढची किल्ली मात्र एकच नको. बॉटला एक, मामेभावाच्या चाचण्यांना दुसरी, उद्या जमाखर्चाला काही केलंत तर तिसरी. बहुतेक कंपन्या किल्लीनुसार किंवा प्रोजेक्टनुसार वापर वेगळा दाखवतात. एकाच किल्लीवर झालेलं जुनं काम मात्र आता कुणालाच वेगळं करता येणार नाही. म्हणून मागच्या एप्रिलचा पूर्ण हिशेब मागू नका. तो त्याच्याकडेही नाही.

वही कशी लिहायची ते सांगते, कारण हीच अडचण असलेली पत्रं मला गुहागर-दापोलीच्या होमस्टेवाल्यांकडूनही येतात. मॉडेल प्रत्येक उत्तरासोबत आत किती टोकनं गेली, बाहेर किती आली, कॅशमधून किती, हे आकडे पाठवतंच. अंदाज करावा लागत नाही. बहुतेक जण उत्तर घेतात आणि ते आकडे टाकून देतात. त्याऐवजी प्रत्येक वेळी गुगल शीटमध्ये एक ओळ पडू दे: वेळ, काम कसलं होतं (भाव, ऑर्डर, तक्रार, पार्सल कुठाय), मॉडेल, तिन्ही आकडे, त्या दिवशीचा दर आणि पेटी ठरली असेल तर तिचा नंबर. गिऱ्हाइकाचं नाव, फोन, पत्ता त्यात नको. हिशेबाला लागत नाही.

दर का लिहायचा? कारण तो बदलतो आणि मग जुनी बेरीज लागत नाही. १ मार्च २०२५ पासून गुगल मॅप्सने महिन्याचं २०० डॉलरचं सरसकट क्रेडिट काढलं आणि प्रत्येक सेवेला वेगळी फुकट मर्यादा दिली. वेबसाइटवर नकाशा लावून बसलेल्या होमस्टेवाल्यांना आपल्या पानाकडून नेमकी कुठली सेवा किती वेळा मागवली जाते, हे त्यानंतर प्रथमच बघावं लागलं. (कित्येकांना नकाशाची साधी लिंक पुरली असती. तिला पैसे पडत नाहीत.)

मीही यातून सुटलेले नाही. एका घरगुती कामासाठी मी हवामानाचा अंदाज आणणारा छोटा प्रोग्राम लावला होता, तासाला एकदा. म्हणजे दिवसाला २४ वेळा. एका जागी तासाऐवजी मिनिट लिहिलं गेलं आणि तो दिवसाला १,४४० वेळा जाऊन विचारू लागला, पाऊस आहे का? फुकट मर्यादा दिवसाला हजाराची होती. नवव्या दिवशी लक्षात आलं, तेही दुसरंच काही शोधताना. तेव्हापासून मी महिन्याच्या शेवटी बघत नाही, दर सोमवारी चहाबरोबर बघते. आठवड्याचे सात आकडे शेजारी शेजारी ठेवले की उडी कुठल्या दिवशी आली ते दिसतं, आणि त्या दिवशी आपण काय बदललं होतं ते अजून आठवत असतं.

मर्यादा घालायची सोयही असते, पण तिथे एक फसगत आहे. पुष्कळ ठिकाणी ‘बजेट’ म्हणून जे असतं ते फक्त ईमेल पाठवतं, थांबवत काही नाही. गुगल क्लाउडचं बजेट तसंच आहे. खरा बांध हवा असेल तर आधी पैसे भरून वापरायचं खातं घ्या आणि आपोआप भरणा बंद ठेवा. संपले की संपले. मात्र ते अक्षय्य तृतीयेच्या आदल्या रात्री संपले, तर बॉट मुका होईल आणि गिऱ्हाईक शेजारच्या बागेत जाईल. म्हणून मॉडेल बंद पडलं तर पाठवायचं एक साधं वाक्य तयार ठेवा: “मेसेज मिळाला, सकाळी नऊला फोन करतो.” माझं मत विचाराल तर मार्च ते मे ढिली मर्यादा आणि रोज नजर, जूनपासून अगदी आवळून.

आता वडिलांचं म्हणणं. तुम्ही ते जुन्या माणसाचा हेका म्हणून लिहिलंय, मला ते तसं वाटत नाही. हापूस घेणाऱ्याला माणसाचा आवाज हवा असतो. “आंबा अजून कच्चा वाटतोय, आढीत किती दिवस ठेवू?” या प्रश्नाला वाडीतली एखादी कॉलेजातली मुलगी जे उत्तर देईल, ते बॉटच्या उत्तरापेक्षा गिऱ्हाइकाला जास्त पटेल. उलट रात्री साडेअकराला भाव विचारणारे शंभर जण तिच्या माथी मारायचं कारण नाही. आणि भाव सांगायला एआय तरी कशाला हवं? भाव सगळ्यांना तोच. ‘१ दाबा भावासाठी, २ दाबा पार्सलसाठी’ एवढ्याने काम होतं आणि त्याला टोकन लागत नाही. शीट पंधरा दिवस भरलीत की किती ओळी ‘भाव’ म्हणून पडल्या ते दिसेल. निम्म्या असल्या तर मला नवल वाटणार नाही. त्या मेनूवर टाका, अडलेल्या मॉडेलकडे जाऊ देत, तक्रारी माणसाकडे. दोन महिन्यांसाठी अर्धवेळ माणूस आणि उतरलेलं बिल यांची बेरीज मग वडिलांसमोर मांडा. ती कुणाच्या बाजूने लागेल हे मी इथून सांगू शकत नाही.

मामेभावाशी बोलताना ‘हिशेब दे’ म्हणू नका. त्याने पावसाळाभर शनिवार-रविवार घालून बॉट केला आणि एक रुपया घेतला नाही. तुमच्या किल्लीवर त्याने हजारभर रुपयांच्या चाचण्या केल्या असतीलच, त्याशिवाय बॉट बनत नाही. ती त्याची मजुरी समजा, आणि समजा म्हणजे मनापासून. त्याच्या घरी यंदा पेटी गेली का? पत्रात उल्लेख नाही म्हणून विचारते.

त्याला असं लिहा: “अरे, बाबांना आकडे दाखवायचेत. खातं माझ्या नावावर करू, तू त्यात मेंबर राहा. बॉटची आणि तुझी की वेगळी काढू. आणि दोनदा उत्तर जातंय का ते एकदा बघशील?” यात एकही आरोप नाही आणि तुम्हाला हवं ते सगळं आहे. खातं कार्डवाल्याच्या नावावर असणं त्याच्याही सोयीचं आहे. उद्या काही बिनसलं तर बोट त्याच्याकडे जाणार नाही.

बंद करायचा निर्णय चतुर्थीच्या आधी घ्यायची घाई नको. जून ते ऑगस्ट बॉटला तसंही काम नाही, या दिवसांत बिल शंभर-दोनशेच्या वर गेलं तर तेच चौकशीला पुरेसं आहे. मामेभाऊ घरी आला की आरतीनंतर पडवीत लॅपटॉप उघडून बसा, वडिलांनाही बसवा. गाडी भरताना वहीत काय काय लिहायचे ते त्यांना विचारा आणि शीटमधले रकाने त्याबरहुकूम ठेवा. तो एका दिवसाचा ताळा, व्हॉट्सॲपचे मेसेज किती आणि विचारणा किती, तेवढा मात्र मला आधी कळवा.